खोली रिकामी आहे

रुद्रम्मा दूध घेताना एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेते आणि तो कसा ओघळतो ते बघते. गवळी एकच, गेली एकोणीस वर्षं. तो आता चिडत नाही. भांडं धरून थांबतो, थेंब ओघळला की माप ओततो. मेडिकलमधल्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख ती दोनदा वाचून घेते. एसटीत बसली की गाडी खरंच मुरूमला जाते का, हे कंडक्टरला विचारून झाल्यावर शेजारणीलाही विचारते. आमच्या गल्लीत तिला सगळे संशयी म्हणतात. मी तिच्या समोरच्या घरात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि मीही म्हणायचे.

पण हा स्वभाव ती माहेराहून घेऊन आली नव्हती. माहेर मुरूमचं, उमरगा तालुक्यातलं, घरात बोलणं कानडी. लग्न होऊन धाराशिवला आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं आणि जो जे सांगेल ते ती खरं मानायची. नवरा गुरुसिद्धप्पा कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा. एकदा मुलीला ताप भरला म्हणून रुद्रम्मा त्याला बोलवायला जिनिंगवर गेली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "त्यांला काढून आठ म्हैने झाले की!"

आठ महिने गुरुसिद्धप्पा बसस्थानकाच्या बाकावर बसून डबा खात होता. मिळेल ती हमाली करत होता आणि घरी येऊन काट्यावरच्या गमती सांगत होता. वाईट माणूस नव्हता, लाजला होता. पुढं दुसरीकडं कामाला लागला, चांगला वागला, आणि दहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. पण रुद्रम्माचं जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं होतं.

"बाई," ती एकदा मला म्हणाली, "आठ म्हैने म्या रोज इचारत हुते, आज काम कसं झालं? आन् ते रोज सांगत हुते. त्या दिसापासनं कानावरचा भरवसा उडाला बगा. डोळ्यानं बघायचं, हातानं चाचपायचं, मग मानायचं."

त्याच वर्षी ती दर्ग्यामागच्या गल्लीतल्या रहमतबीकडं रफू शिकायला जाऊ लागली. रहमतबी म्हातारी, तिच्या घरात तीन पिढ्या रफूचं काम. फाटलेल्या, जळालेल्या, उंदरानं कुरतडलेल्या कापडात ती असे धागे भरायची की जिथं भोक होतं तिथं बोट ठेवून दाखवावं लागे. "बेटी, रफू ऐसा होना की मालकीण कू बी ढूंढना पडे," असं ती म्हणायची. रुद्रम्माला हे काम मानवलं. यात कुणाच्या बोलण्यावर जायचं नसतं. साडीच्या आतल्या टोकातून, नेसल्यावर जिथं कुणाची नजर जात नाही तिथून, तिचाच धागा काढायचा आणि बारीक सुईनं एक उभा, एक आडवा असा विणत जायचा. धागा चुकला तर तिथंच दिसतो.

बार्शी नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर वीरप्पा शेठांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी रुद्रम्माचं काम बघितलं आणि तिला ठेवून घेतलं. दुकान वाढलं, जुनी इमारत पाडून चार मजले झाले, समोर काच लागली. रुद्रम्माला तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूची खोली मिळाली. एका कोपऱ्यात तिचं टेबल, टेबल आणि दार यांच्या मध्ये एकावर एक रचलेल्या कापडाच्या ठाणांचे दोन उंच मांड. खोलीला खिडकी नव्हती, पण टेबलावर दोन लांब ट्यूब होत्या आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. वीरप्पा शेठ गेले, त्यांचा मुलगा श्रीशैल गादीवर बसला. हा पुण्यात शिकलेला, बोलायला गोड, कामाला चपळ. रुद्रम्माला तो काकू म्हणायचा. ती त्याला लहानपणापासून श्रीशैलअप्पा म्हणत आली होती.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी श्रीशैलनं सगळ्या इमारतीचे दिवे बदलून घेतले. सोलापूरहून माणसं आली. जुन्या ट्यूब निघाल्या, छताला सपाट पांढरे दिवे बसले आणि प्रत्येक खोलीत, दारावरच्या बाजूला, छताला एक पांढरी वाटी पालथी घालावी तसं काहीतरी चिकटवलं गेलं. भिंतीवरची बटणं काढून टाकली. श्रीशैलनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता दिवा लावायचा नाही, बंद करायचा नाही. खोलीत माणूस आलं की आपोआप लागेल. माणूस गेलं की पाच मिनिटांत विझेल. रिकाम्या खोलीत दिवे जळत राहतात, ते बंद होईल."

रुद्रम्मानं वाटीकडं बघितलं. वाटीचं तोंड मधमाशीच्या पोळ्यासारखं, बारीक बारीक खणांचं होतं. तिनं विचारलं, "माणूस आलं हे त्येला कसं कळतं?"

"त्याला कळतं, काकू. सेन्सर आहे तो."

"बघितल्याबिगर कसं कळंल?"

श्रीशैल हसला आणि खाली गेला. उत्तर मिळालं नाही, आणि उत्तर न मिळणं म्हणजे रुद्रम्माच्या लेखी अर्धं उत्तर मिळणंच होतं.

रुद्रम्माच्या खोलीत दुकानातल्या बायका डबा खायच्या, साडीच्या निऱ्या नीट करायच्या, दुकानाचा गणवेश अंगावर चढवायच्या. रुद्रम्मानं त्याच दिवशी गजराबाईला सांगितलं, "वर कॅमेरा हाय." गजराबाई झाडलोट आणि बांधाबांधीचं काम करायची, रुद्रम्माची बारा वर्षांची सोबतीण. एकाच डब्यातून दोघी जेवायच्या. गजराबाईनं काउंटरवरच्या पोरींना सांगितलं. त्यातल्या शिवांजलीनं घरी सांगितलं. चौथ्या दिवशी शिवांजलीचे वडील भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, श्रीशैलच्या समोर उभे राहिले. "लेकीबाळी कपडे बदलतात तिथं कॅमेरे लावता व्हय? वीरप्पा शेठांच्या गादीवर बसून?"

लग्नाचा बस्ता बांधायला आलेली परंड्याची मंडळी उठून चालायला लागली. श्रीशैल काउंटरमागून बाहेर आला. त्यानं दुकानाच्या वायरमनला, बळभीमला, हाक मारली. बळभीम तेरचा, रोज एसटीनं येऊन जाऊन करणारा, हातात कायम टेस्टर. त्यानं शिडी लावून ती वाटी उतरवली, सगळ्यांसमोर उघडली, आत बोटाच्या पेराएवढा एक धातूचा ठिपका आणि तारा होत्या त्या दाखवल्या. "ह्यात फोटो निघत न्हाय. कुठल्याबी शाण्या माणसाला दाखवा."

शिवांजलीचे वडील थोडे नरमले, पण मुलीला घेऊन गेले. परंड्याची मंडळी परत आली नाहीत. श्रीशैल वर आला आणि रुद्रम्माला म्हणाला, "काकू, तुम्ही आधी मला विचारायचं होतं."

"इचारलं हुतं की," रुद्रम्मा म्हणाली. "तुमी हसलात."

त्या दिवसापासून तो तिला काकू म्हणेनासा झाला. नुसतं 'रुद्रम्मा' म्हणू लागला. आणि रुद्रम्माचा संशयही गेला नव्हता. बळभीमनं उघडून दाखवलं ते तिला पटलं नाही. उघडून दाखवलेली वाटी आणि परत लावलेली वाटी एकच होती कशावरून?

दिव्याचा त्रास दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाला. रफू करणारं माणूस हलत नाही. भिंगातून बघत, श्वास धरून, बोटांची टोकं तेवढी चालतात. तेवीस धागे मोजून चोविसाव्यात सुई घातली की फट्कन अंधार. सुई तशीच धरून ती डावा हात वर करून हलवायची. कधी दिवा लागायचा, कधी नाही, कारण मध्ये ठाणांचे मांड होते. मग उठून दाराकडं जायचं, दिवा लागला की परत येऊन भोकातले धागे पहिल्यापासून मोजायचे. चार-पाच दिवसांत तिच्या हातून एका इरकलीच्या काठात दोन धागे चुकले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते उसवून पुन्हा भरले आणि कुणाला सांगितलं नाही.

श्रीशैलला सांगावं तर तो तिच्याशी धड बोलत नव्हता. एकदा सांगितलं, तर म्हणाला, "बाकी कुणाच्या खोलीत विझत नाही." ते खरंच होतं. बाकी खोल्यांत माणसं चालती-फिरती होती.

मग तिनं आपली वाट काढली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये जिन्याच्या वळणावर एक मोठी खिडकी होती, आग्नेयेकडं तोंड असलेली. दहापासून दीडपर्यंत तिथं चांगलं ऊन यायचं. खालच्या पायरीवर गोणपाट टाकून रुद्रम्मा तिथं बसायला लागली. मांडीवर साडी, डोळ्याला भिंग. त्या जिन्यानं कुणी जात नव्हतं, सगळे लिफ्टनं जायचे. दुपारनंतर ऊन गेलं की ती खोलीत परतायची आणि हात हलवत, उठत-बसत उरलेलं हलकं काम करायची.

सोलापूरच्या लोकांनी दिव्यांबरोबर श्रीशैलच्या फोनमध्येही काहीतरी घालून दिलं होतं. कुठली खोली किती वेळ भरलेली, किती वेळ रिकामी, हे त्यात दिसायचं. सुरुवातीला त्यानं ते बघितलंच नाही. मार्गशीर्षात कधीतरी बघितलं आणि तिसऱ्या मजल्यावर त्याचं बोट थांबलं. रफूची खोली दिवसातून पाच-पाच, सहा-सहा तास रिकामी.

त्यानं काय विचार केला असेल हे मी सांगू शकते, कारण पुढं त्यानं ते स्वतःच बोलून दाखवलं. रुद्रम्मा कामाच्या वेळेत बाहेर जाते. दुसऱ्या दुकानांचं रफू करते. आणि ही तीच बाई, जिनं आपली भर दुकानात अब्रू घालवली. आता तिनं सेन्सरवर राग का काढला होता तेही त्याला कळल्यासारखं वाटलं. चोरी उघडी पडेल म्हणून.

तो लगेच बोलला नाही. त्यानं गजराबाईला बोलावून विचारलं, "रुद्रम्मा खोलीत असते का?" गजराबाई म्हणाली, "सकाळच्याला नसती." "मग कुठं असते?" "जिन्यात दिसती." "लक्ष ठेव," तो म्हणाला. गजराबाईनं ठेवलं. दहा-बारा दिवस ती रोज संध्याकाळी खाली जाऊन सांगत होती आणि दुपारी रुद्रम्माच्या डब्यातली शेंगा-चटणी खात होती.

पौषात एके दिवशी अकराच्या सुमाराला श्रीशैल लिफ्ट सोडून जिन्यानं वर आला. आधी खोलीत डोकावला, अंधार. मग वळणावर आला. रुद्रम्मा गोणपाटावर बसलेली, मांडीवर जांभळी पैठणी.

"ही कुणाची?" त्यानं विचारलं.

"आपलीच. तुळजापूरच्या गिऱ्हाइकाची. चिठ्ठी लावलीया बगा."

त्यानं चिठ्ठी बघितली. होती. तरी त्याचा आवाज खाली आला नाही. "इथं का बसता मग? खोली दिलीय ना? फोनवर रोज दिसतंय मला, पाच तास, सहा तास खोली रिकामी. इथं दीडपर्यंत ऊन असतं, मग दुपारी कुठं असता?"

"खोलीत."

"दुपारीही रिकामीच दाखवतंय."

"म्या खोलीत अस्ते."

"रुद्रम्मा, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला तुमच्याशी काय वैर आहे? आणि मी नुसत्या यंत्रावर नाही बोलत. गजराबाईसुद्धा सांगतीय तुम्ही खोलीत नसता."

रुद्रम्मानं सुई कापडात टोचून ठेवली. मला सांगताना ती म्हणाली की तिला यंत्राचं काही वाटलं नाही, वाटलं ते गजराबाईचं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "गजरानं म्या तिथं काय करते ते सांगितलं का?"

श्रीशैलनं ते विचारलं नव्हतं. "महिनाअखेरपर्यंत बघू, मग ठेवायचं का ते ठरवू," तो म्हणाला आणि खाली गेला.

त्या संध्याकाळी रुद्रम्मा माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "बाई, ते वाटीगत हाय ते माज्याबद्दल रोज कायतरी सांगतंय. आन् म्या त्येला वळखतच न्हाय. आधी त्येला वळखाया पायजे."

मी म्हटलं, "बळभीमला विचारा."

"इचारीन. पर त्यो सांगंल ते ऐकून काय करू? बघीन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती बळभीमला गाठून तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. बळभीम म्हणाला, "मावशी, ह्यो डोळा न्हाय. ह्येला ऊब कळती. माणसाच्या अंगाची ऊब एका खणातनं दुसऱ्या खणात सरकली की ह्येला वाटतं कुणीतरी हाय. सरकली न्हाय की वाटतं, गेलं."

"बघू," रुद्रम्मा म्हणाली.

खालच्या मजल्यावरून तिनं साडी नेसवलेला एक पुतळा वर आणवला. ठाणं वाहायच्या चाकाच्या गाडीवर तो उभा केला. दोघं दाराबाहेर आडोशाला उभी राहिली आणि वरच्या साड्या काढायच्या लांब काठीनं तिनं गाडी आत ढकलली. पुतळा डुलत डुलत खोलीच्या मध्यापर्यंत गेला. अंधारच राहिला. "कॅमेऱ्याला बाई दिसली असती," ती पुटपुटली. मग तिनं नुसता हात दारातून आत घालून हलवला. दिवा लागला.

दिवा विझेपर्यंत दोघं थांबली. मग तिनं बळभीमला खालच्या मजल्यावरच्या ट्रायल रूमचा काढून ठेवलेला काचेचा दरवाजा आणायला लावला. त्यानं तो दाराच्या चौकटीत उभा धरला आणि त्या काचेआडून ती स्वतः इकडून तिकडं चालली. एकदा, दोनदा, तीनदा. अंधार. काच बाजूला केली, एक पाऊल टाकलं, उजेड.

"काचंपल्याडचं दिसत न्हाय त्येला," ती म्हणाली.

"न्हायच दिसत. ऊब काचंतनं जात न्हाय."

"म्हंजी कॅमेरा न्हाय."

"म्या तवाच सांगितलं हुतं, मावशी."

"तू सांगितलं हुतंस," रुद्रम्मा म्हणाली. "आता म्या बघितलं."

मग ती आपल्या खुर्चीत बसली, भिंग डोळ्याला लावलं, सुई हातात घेतली आणि बळभीमला दाराबाहेर घड्याळ घेऊन उभं केलं. पाच मिनिटं होताच दिवा गेला. तिनं बोटं चालू ठेवली. दिवा आला नाही. मांडाच्या आडून तिनं मान हलवली, खांदा हलवला. नाही आला. डोक्यावर हात उंच नेला तेव्हा आला.

त्या संध्याकाळी ती घरी न येता शिवांजलीच्या घरी गेली. शिवांजलीच्या वडिलांना म्हणाली, "दादा, म्या चुकले. त्यो कॅमेरा न्हाय. म्या सोता तपासून बघितलं." ते म्हणाले, आता सांगून काय उपयोग, पोरगी दुसरीकडं लागली. रुद्रम्मा म्हणाली, "उपयोग न्हाय. पर खोटं माज्या नावावर ऱ्हायला नको." चहा न घेता परतली. हे तिनं मला सांगितलं नाही. शिवांजलीची धाकटी बहीण माझ्या वर्गात आहे, तिच्याकडून कळलं.

दोन दिवसांनी ती श्रीशैलपुढं जाऊन उभी राहिली. "मालक, एक घटकाभर वर या. फोन घेऊन या."

"काय आहे?"

"या तर."

तो आला. तिनं त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. एक रेशमी तुकडा दिला, त्यावर खडूनं नखाएवढा चौकोन काढलेला. हातात भिंग दिलं. "ह्या चौकोनात उभे धागे किती, तेवढं मोजून सांगा. सुईच्या टोकानं एक-एक सारत मोजा, न्हायतर चुकंल."

"हे कशाला?"

"म्या रोज मोजते. तुमी एकदा मोजा."

त्याला वाटलं असावं, म्हातारीचं मन राखावं आणि मोकळं व्हावं. त्यानं मोजायला सुरुवात केली. रुद्रम्मा बाहेर जाऊन दाराआड उभी राहिली. बळभीमही तिथं होता. श्रीशैल दोनदा चुकला, दोनदा पहिल्यापासून लागला. तिसऱ्या वेळेला तो चांगला रमला. कापडाच्या धंद्यात वाढलेला माणूस, पण कापड इतक्या जवळून त्यानं कधी बघितलं नसेल. साठ, एकसष्ट, बासष्ट असं तोंडातल्या तोंडात चाललं होतं.

अंधार झाला.

"ए!" आतून आवाज आला. "दिवा का घालवला?"

"कुणी घालवला न्हाय," रुद्रम्मा बाहेरून म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. श्रीशैलनं हात हलवला असावा. दिवा लागला नाही.

"उठू नका, मालक. फोन बघा. काय सांगतोय?"

अंधारात फोनचा उजेड पडला. बळभीमला दारातून, मांडांच्या फटीतून, त्याचा चेहरा दिसत होता. 

"वाचा की," रुद्रम्मा म्हणाली.

"खोली रिकामी आहे," श्रीशैलनं वाचलं.

"मग तुमी कुठं गेला हुता?"

 बळभीम म्हणतो, मी तिथून सटकणारच होतो, मालकाचं असलं तोंड नोकरानं बघू नये. पण रुद्रम्मानं त्याला हातानं थांबवलं. तिला साक्षीला माणूस हवा होता.

श्रीशैल उठून दाराकडं आला तेव्हा दिवा लागला. तो बळभीमला म्हणाला, "ही गोष्ट तू मला आधी का नाही सांगितलीस?"

"तुमी इचारलं न्हाय, शेठ. आन् सोलापूरवाल्यांनी जिथं लावलं हुतं तिथंच परत लावलं म्या."

"याच्यावर उपाय?"

उपाय होता, आणि तो फार मोठाही नव्हता. त्याच आठवड्यात बळभीमनं ती वाटी दारावरून काढून रुद्रम्माच्या टेबलाच्या बरोबर वर लावली. मध्ये मांड येणार नाहीत असं बघितलं. पाच मिनिटांची मुदत वाढवून अर्धा तास केली. दाराजवळ पुन्हा एक बटण बसवलं. रुद्रम्मा आली की हातानं दिवा लावायचा, ती गेली आणि लावलेला राहिला तर अर्ध्या तासानं तो आपोआप विझायचा. वाटीवर दिवा लावायचं काम ठेवलं नाही, विझवायचं तेवढं ठेवलं. तरी पहिले आठ दिवस रुद्रम्मा दर थोड्या वेळानं सुई थांबवून वर बघायची. मग बघायचं कमी झालं.

श्रीशैलनं माफी मागितली नाही. पण पुन्हा काकू म्हणायला लागला. एक दिवस वर येऊन म्हणाला, "काकू, तुमची खोली त्या फोनमधून काढून टाकतो. रिकामी-भरलेली काही दिसायला नको."

"काढलं हे मला कसं कळंल?"

"मी सांगतो ना."

तिनं पुन्हा सुई उचलली. त्याचा अर्थ त्याला उशिरा कळला. "बरं, फोन दाखवू?"

"त्यात मला काय कळतंय? आज दाखवाल, उद्या परत घालाल. लिहून द्या."

तो हसायला लागला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. दुकानाच्या कागदावर त्यानं चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. 'तिसऱ्या मजल्यावरील रफू विभागात कोण किती वेळ होते याची नोंद ठेवली जाणार नाही. कामाबद्दल काही शंका आल्यास आधी सौ. रुद्रम्मा यांना समक्ष विचारले जाईल.' घाईत 'श्रीमती'च्या जागी 'सौ.' पडलं होतं. रुद्रम्माला मराठी वाचायला वेळ लागतो, तिची शाळा कानडी. तो कागद घेऊन ती माझ्याकडं आली. मी वाचून दाखवला. तिनं मान हलवली, पुन्हा वाचायला लावला, मग घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

नंतर मला कळलं की माझ्याआधी तिनं तो कागद मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला होता. मला थोडा राग आला. मी म्हटलं, "रुद्रम्माक्का, मी काय खोटं वाचलं असतं?"

"न्हाय हो बाई. तुमी कशाला खोटं वाचाल? पर दोघांनी येकच वाचलं, आता माजा जीव निवांत झाला. येवढंच."

"मग आता तरी पटलं ना? फोनमधून काढलं असेल त्यानं?"

"कागद पटला," ती म्हणाली. "फोन म्या कुठं बघितलाय?"

गजराबाईचं मात्र तसंच राहिलं होतं. ती त्या खोलीत झाडायला येई, रुद्रम्मा पाय वर घेई, तिनं झाडून झालं की पाय खाली. बोलणं नाही. गजराबाईनं डबा वेगळा आणायला सुरुवात केली आणि खाली पॅकिंगच्या टेबलावर बसून खाऊ लागली. तिच्याही घरी काही सुख नव्हतं. एकटीच्या जोरावर सासूला सांभाळत होती. श्रीशैलनं विचारल्यावर तिनं काय करायला हवं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिनं खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

चैत्रात एक दिवस ती झाडू बाजूला ठेवून दारात उभी राहिली. म्हणाली, "अक्का, म्या खोटं सांगितलं का? तुमी जिन्यात हुता म्हून जिन्यात म्हणलं."

"व्हय. जिन्यात हुते."

"मग?"

रुद्रम्मानं भिंग खाली ठेवलं. "काय करत हुते ते तुला ठावं हुतं का न्हाय?"

"हुतं."

"मग ते बी सांगायचं. सांगायचं तर पुरतं सांगायचं, गजरा. अर्धं सांगू नगंस."

 रुद्रम्मानं शेजारच्या स्टुलावरची कापडं उचलून टेबलावर ठेवली, स्टूल रिकामं केलं आणि पुन्हा कामाला लागली. गजराबाई थोड्या वेळानं त्यावर येऊन बसली.